खाडाखोडीजवळची सही

बासष्टाव्या वर्षी मी परीक्षेतल्या गैरप्रकारात पकडले गेले. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण हळूहळू सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला मधेच हसू येतं आणि मग मला पुढचं सांगावंसं वाटत नाही.

अकोल्यातल्या एका सरकारी कचेरीत मी एकतीस वर्षं लिपिक होते. आधी त्या नोकरीवर माझे मिस्टर होते. त्यांना कावीळ झाली आणि आठ दिवसांत ते गेले. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, मुलगी अडीच वर्षांची. बी. ए.ची दोन वर्षं माझी लग्नाआधी झाली होती, तिसरं सासरी येऊन करायचं ठरलं होतं. ते राहिलं. कचेरीनं अनुकंपा तत्त्वावर मला त्यांच्या जागी घेतलं. जागी म्हणजे अगदी त्याच टेबलावर, त्याच खुर्चीवर. खुर्चीचा उजवा हात मोडलेला होता, तो पुढे सहा वर्षं तसाच होता.

अनुकंपा म्हणजे दया. सरकारी भाषेत तो नुसता नियमाचा एक प्रकार आहे, पण माणसं तो शब्द तसा वापरत नाहीत. मी बढती घेऊन मुख्य लिपिक झाले तरी बदलून आलेल्या नव्या माणसाला माझी ओळख व्हायची ती अशीच. ‘त्या बाई ना, त्या अनुकंपातल्या.’ निरोप समारंभात साहेबांनी भाषणात तोच शब्द दोनदा घेतला. मी शाल-श्रीफळ हातात धरून उभी होते आणि पंख्याचा आवाज ऐकत होते.

माझ्याबद्दल एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. मला फारसं काही वाटत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही आणि तक्रारही करत नाही. मुलीच्या पाठवणीला सगळ्या बाया डोळे पुसत होत्या आणि मी मांडववाल्याला सतरंज्या मोजून नेल्या का विचारत होते. मिस्टर गेले तेव्हा रडले असेन, पण आठवत नाही. त्यांचा चेहरासुद्धा मला फोटोतलाच आठवतो. चार वर्षांचा संसार आणि मग एकतीस वर्षं कचेरी, त्यात कुठेतरी आतलं सगळं बसून गेलं. रोजचं काम मात्र नीट होत होतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या महिन्यात मी बी. ए.चा फॉर्म भरला. जुन्या मार्कशीटा घेऊन कॉलेजात गेले तर तिथला क्लार्क म्हणाला, ‘‘काकू, या आता चालत नाहीत. पयल्यापासून करा लागते.’’ पहिल्यापासून तर पहिल्यापासून. बाहेरून परीक्षा देणाऱ्यांत नाव घातलं, इतिहास घेतला. आमच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला बाया जमतात, त्यातली एक म्हणाली, ‘‘आता शिकून काय करता बाई? नोकरी तं झाली तुमची करून.’’ मी म्हटलं, ‘‘भिंत रिकामी आहे, लावीन.’’ सगळ्या हसल्या. मुलगी अमरावतीला शाळेत शिकवते. तिनं जावयांना, मैत्रिणींना, शेजारणींना सांगितलं की आईचं स्वप्न राहून गेलं होतं. मी तिला म्हटलं, स्वप्नबिप्न काही नाही, अर्धवट राहिलेली फाईल आहे, ती निकाली काढते.

हे मी तिला खोटं सांगितलं. मला त्या पदवीची हाव होती. नोकरी मिळाली ती कोणी गेलं म्हणून. क्वार्टर मिळालं ते त्याच कारणानं. लोक माझ्याशी बरं वागले तेही त्यामुळेच. पदवी ही एकच गोष्ट अशी होती की ती मिळायला कोणाला मरावं लागणार नव्हतं. एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तीन वर्षं मी अभ्यास केला. सकाळी भांडी झाली की कूलरसमोर पाट टाकून बसायचं आणि बारापर्यंत लिहायचं. मी वाचून पाठ करणारी नाही, लिहून पाठ करणारी आहे. अगदी शेवटच्या पेपरापर्यंत मी उत्तरं लिहायची तीसुद्धा कचेरीतल्या टिपणीसारखी. वाक्य डोक्यात पक्कं झाल्याशिवाय पेन टेकवायचं नाही. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मार्क पन्नास-पंचावन्नच्या घरात पडायचे, पण पेपर कसे स्वच्छ, चकचकीत. एका उत्तराची सुरुवात मी ‘सबब’ या शब्दानं केली होती, ते घरी आल्यावर लक्षात आलं. तपासणाऱ्यानं तेही चालवून घेतलं.

शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर मे महिन्यात होता. अकोल्याचा मे महिना ज्यानं पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि त्या दिवशी हॉलमधली लाईट गेलेली. मी ओला रुमाल डोक्यावर ठेवून बसले होते. शेवटचा प्रश्न होता वऱ्हाडातला कापूस आणि रेल्वे. पुस्तकात त्यावर जेमतेम दीड पान होतं. पण माझे वडील मूर्तिजापूरला रेल्वेच्या छोट्या लाईनीवर गँगमन होते, रूळ राखणाऱ्या टोळीत. मी त्या रुळांच्या बाजूला वाढले. कापसाचे गठ्ठे चढवताना धनी कुठे उभा राहायचा, हमाल कुठे, गाडी किती हळू जायची, वडील पावसाळ्यात कुठला बांध रोज बघून यायचे, हे सगळं मला पुस्तकाशिवाय माहीत होतं. मी लिहायला लागले ती थांबेच ना. वाक्य पक्कं व्हायची वाट बघितली नाही. एक लिहायचं, ते खोडायचं, वर दुसरं लिहायचं, मधेच बाण काढून वडलांचं काहीतरी घुसवायचं. घंटा झाली तेव्हा मान दुखत होती आणि पदर घामानं अंगाला चिकटला होता. मी रिक्षात बसून घरी आले, आंघोळ केली आणि झोपले. आनंद झाला का? झाला असावा. संध्याकाळी मी स्वतःपुरता शिरा केला होता, त्यावरून म्हणते.

निकाल लागला त्यात माझ्या नावापुढे ‘राखून ठेवला’ असं होतं. मग पत्र आलं. उत्तरपत्रिकेत ओळख पटेल अशा खुणा नऊ ठिकाणी आढळल्या आहेत, तरी अमरावतीला समितीपुढे हजर राहून खुलासा करावा. खुलासा मागणारी पत्रं मी नोकरीत शेकड्यांनी लिहिली होती. मला आलेलं हे पहिलं.

मी पत्र दोनदा वाचलं तरी कळेना. मग कळलं.

आमच्या कचेरीत एक नियम होता, कदाचित सगळ्याच कचेऱ्यांत असेल. लिहिताना एखादा शब्द खोडला तर त्या खाडाखोडीजवळ लिहिणाऱ्यानं लगेच छोटी सही करायची. सही नसेल तर उद्या कोणीही म्हणेल की मागाहून बदललं. नवीन पोरींना मी हेच पहिलं शिकवायचे. सही नाही तर खाडाखोड नाही, पुन्हा सगळं पान लिही. एकतीस वर्षं हात तेच करत आला होता. त्या पेपरात मी नऊ ठिकाणी खोडलं होतं, नऊ ठिकाणी छोटी सही ठोकली होती, आणि एकदाही मला पत्ता लागला नव्हता. उत्तरपत्रिकेवर कुठेही सही करू नये असं पहिल्याच पानावर छापलेलं असतं. ते मी तिन्ही वर्षं दर पेपरला वाचलं होतं. न वाचता फॉर्म भरणाऱ्या लोकांवर मी आयुष्यभर खेकसत आले, तेही मला आठवलं.

समितीच्या आदल्या दिवशी मी अमरावतीला मुलीकडे गेले. तिनं चहा ठेवायच्या आधीच सुरुवात केली.

‘‘आई, तू पेपरावर सही काहून केली वं?’’

‘‘मी नाही केली. हातानं केली.’’

‘‘हे असं तिथं सांगशील तं वर्षभर घरी बसवतील तुले.’’ मग तिनं पिशवीतून एक कागद काढला. तिच्या ओळखीच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं सर्टिफिकेट. वयोमानामुळे विस्मरण, अधूनमधून गोंधळ. ‘‘हे दे त्याइले. म्हन की मले आता आठवत नाही नीट. कोनाले बी दया येईन.’’

मी कागद हातात घेऊन बघितला. असली सर्टिफिकेटं मी ढिगानं फायलींना लावली आहेत, बहुतेक खोटी असतात हे लावणाऱ्याला माहीत असतं. मुलगी वाईट नाही. तिला आईची तीन वर्षं वाया जाऊ द्यायची नव्हती. तिला रागवावं असंही मला वाटलं नाही. मी कागद पर्समध्ये ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

समितीत तिघं होते. मधे बसलेले सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असतील, एका बाजूला एक मॅडम, दुसऱ्या बाजूला लिहून घेणारा एक जण. माझ्या आधीची दोन मुलं खिशातल्या चिठ्ठ्यांसाठी आली होती आणि रडवेली होऊन बाहेर गेली. मग माझं नाव पुकारलं. आत गेले तर तिघंही अर्धे उठले. माझे पांढरे केस बघून उठले असणार. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्या उत्तरपत्रिकेच्या पानांच्या झेरॉक्स टेबलावर होत्या आणि नऊ सह्यांभोवती लाल गोल होते.

सर चांगले होते. खरंच चांगले होते. ते म्हणाले, ‘‘मॅडम, असं बघा, सही म्हणजे तपासणाऱ्याला खूण सांगितली, असाच अर्थ नियमात धरतात. तुमचा तसा हेतू नसेल हे आम्हाला दिसतं आहे. तुम्ही खुलाशात एवढंच लिहा की वयोमानानुसार विस्मरण झालं. आम्ही सहानुभूतीपूर्वक विचार करू.’’

मुलीनं दिलेला कागद पर्समध्ये होता. नुसती चेन उघडायची होती. निकाल लागला असता, पदवी मिळाली असती, भिंतीवर लागली असती. मी पर्सवर हात ठेवला आणि मला एकदम थकवा आला. पुन्हा तेच. पुन्हा कोणाला तरी माझी दया येणार, आणि मी त्या दयेवर सही करून काहीतरी घरी नेणार. ‘त्या बाई ना, त्या विसरतात.’

मी म्हटलं, ‘‘सर, मला विस्मरण नाही. कागद द्या, मी काय झालं ते लिहिते.’’

त्यांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी कागद पुढे केला. मी लिहायला घेतलं. मी अमुक कचेरीत एकतीस वर्षं लिपिक होते, खाडाखोड साक्षांकित करण्याची सवय हाताला आहे, सूचना मी वाचली होती, तरीही माझ्याकडून सही झाली, चूक माझी आहे, आजार किंवा वय हे कारण नाही, जी शिक्षा असेल ती नियमाप्रमाणे द्यावी. लिहिता लिहिता ‘नियमाप्रमाणे’पेक्षा ‘नियमानुसार’ बरं वाटलं म्हणून ते खोडलं आणि वर दुरुस्त केलं. पुढचं वाक्य सुरू करणार तोच मॅडमनी तोंडावर रुमाल धरला.

मी खाली बघितलं. खोडलेल्या शब्दाजवळ सही होती.

‘‘इथे चालते ना सही?’’ मी विचारलं.

तिघंही हसले. लिहून घेणारा तर खाली वाकून हसला. मीही थोडी हसले, त्यांच्याबरोबर हसायला पाहिजे म्हणून. सरांनी माझा खुलासा घेतला आणि झेरॉक्सच्या पानाशेजारी ठेवला. सही सहीशी ताडून बघितली. मग म्हणाले, ‘‘शंका नाही. सही तुमचीच आहे.’’

मी हो म्हटलं. पण मी त्या दोन सह्यांकडे बघत होते. लाल गोलामुळे असेल किंवा एका शेजारी एक ठेवल्यामुळे असेल, मला ती सही पहिल्यांदाच परक्या माणसाची म्हणून दिसली. वरून खाली येणारी रेघ, तिला डावीकडे गळासारखा आकडा, आणि खाली दोन टिंबं.

ती माझी सही नव्हती. मी कामाला लागले त्या आठवड्यात बडेबाबूंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्य लिपिकांनी, एक रजिस्टर माझ्यापुढे टाकलं होतं आणि म्हणाले होते, ‘‘छोटी सही कशी करा लागते ते यात पाहा.’’ त्या रजिस्टरात मिस्टरांच्या सह्या होत्या, कावीळ व्हायच्या आदल्या आठवड्यापर्यंत. मला छोटी सही कशी करतात ते माहीत नव्हतं. मोठी सहीसुद्धा मी तोवर फार वेळा केलेली नव्हती. मी त्यांचीच बघून, तशीच रेघ, तसाच आकडा, तशीच दोन टिंबं देऊन त्यांच्या सहीखाली सही केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. कोणी काही म्हटलं नाही. बहुतेक कोणाला फरकच कळला नसेल. पुढे मलाही कळेनासा झाला.

सर म्हणाले, निर्णय आठ दिवसांत कळवू. मी नमस्कार करून बाहेर आले. मुलगी जिन्यात उभी होती, तिनं विचारलं सर्टिफिकेट दिलं का. मी नाही म्हटलं. तिनं स्कूटी काढली आणि मला एस. टी. स्टँडवर सोडलं. फलाटावर मात्र तिनं माझ्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं, लहानपणी धरायची तसं.

बस मूर्तिजापूर ओलांडून पुढे आली तोवर मी खिडकीतून बघत होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग. मिस्टरांचा राग, की चार वर्षांत गेलात आणि हातात बसून राहिलात. माझा त्याहून जास्त, की मी स्वतःची अशी एक रेघसुद्धा काढून घेतली नाही. वडलांबद्दल, त्या रुळांबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा माझं म्हणून काही लिहिलं, आणि जिथे जिथे माझं मन बदललं, जिथे मला दुसरा शब्द जास्त खरा वाटला, तिथे तिथे मी ते साक्षांकित करून घेतलं एका गेलेल्या माणसाकडून. राग बराच वेळ होता. अकोला येईपर्यंत होता. खरं सांगायचं तर तो मला बरा वाटला. काहीतरी वाटतंय, एवढ्यासाठी.

निर्णय आला. गैरहेतू आढळला नाही, सबब तेवढा एक पेपर रद्द, हिवाळी परीक्षेत पुन्हा द्यावा. त्यांच्याही पत्रात ‘सबब’ होतं. मुलीनं फोनवर मोठा श्वास सोडला. म्हणाली, ‘‘सुटली बापा एकदाची.’’ विहारातल्या बायांना मी काही सांगितलं नाही, पण त्यांना कळलंच, आणि त्यातल्या एकीनं विचारलं की आता तरी सोडता का हे शिकणं. मी म्हटलं, पेपर राहिला आहे.

हिवाळ्यात पेपर दिला. प्रश्न वेगळे होते, पण एका टिपेत मला पुन्हा वडलांचं काही आणता आलं. तिसऱ्या पानावर मी ‘मजूर’ लिहिलं होतं. ते मला पटेना. ते खोडून मी ‘माझे वडील आणि त्यांच्या गँगची माणसं’ असं लिहिलं. परीक्षेत असं लिहीत नाहीत हे मला माहीत होतं. लिहिलं आणि हात आपोआप बाजूला सरकला. पेनचं टोक कागदाला टेकलं. त्या आकड्याची सुरुवात होईल एवढंच टेकलं आणि मी थांबले. डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं. आजूबाजूची पोरं लिहीत होती. मी मनगट घट्ट धरून बसले होते, आणि मग काय झालं मला कळलं नाही, पाणी डोळ्यांतून पडायला लागलं ते थांबेना. पस्तीस वर्षांत मिस्टरांसाठी आलं नव्हतं ते असं परीक्षेच्या हॉलमध्ये, बाकावर, सगळ्यांसमोर. त्यांनी धरून ठेवलेलं मी सोडत होते की मी धरलेलं ते सुटत होतं, काही म्हणता येत नाही. वाईट वाटत होतं. फार वाईट वाटत होतं. खाडाखोड तिथे होती, उघडी, बाजूला कोणाचंच नाव नसलेली.

पर्यवेक्षक म्हणून आलेली एक तरुण मास्तरीण वाकून माझ्याजवळ आली. ‘‘काकू, कठीन गेला काय पेपर?’’

मी पदरानं तोंड पुसलं. ‘‘नाही गं, सोपा आहे,’’ म्हटलं, आणि तिच्याकडे आणखी एक पुरवणी मागितली.